पाकिटावरचा छोटा नंबर: कुत्र्या-मांजरांचं खाणं परत मागवतात तेव्हा

पाळीव प्राण्यांच्या खाण्याचा रिकॉल निघाला की बातमी ठरलेल्या साच्यात येते. अमुक कंपनीने अमुक लॉटचा माल 'खबरदारीचा उपाय म्हणून' परत मागवला आहे, ग्राहकांनी तो प्राण्यांना देऊ नये, अधिक माहितीसाठी अमुक क्रमांक. संपली बातमी. पण ज्याच्या घरात तेच पाकीट अर्धं संपलेलं आहे त्याच्या डोक्यात प्रश्नांची रांग लागते. काल रात्री वाढलं ते कुठल्या लॉटचं होतं? परवा कुत्र्याला उलटी झाली ती त्यामुळेच का? कंपनीला हे कधीपासून ठाऊक होतं? आणि गेल्या महिन्यात म्हातारं मांजर गेलं, तेव्हा डॉक्टर 'वय झालं होतं' म्हणाले, ते खरंच वयाने गेलं का?

मग लोक आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतात. कोणी घरातलं सगळं खाणं, ज्याचा रिकॉलशी संबंध नाही तेसुद्धा, कचऱ्यात टाकून मोकळा होतो. कोणी आमचा तर ठणठणीत आहे म्हणत पाकीट संपवतो. कोणी दवाखान्यात रांग लावतो, कोणी कंपनीच्या नावाने बोटं मोडतो, तर कोणी त्या दिवसापासून बाजारचं खाणं बंद म्हणजे बंद अशी शपथ घेतो.

या प्रतिक्रियांना 'भावनिक' म्हणून बाजूला सारायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. त्यातल्या काही गैरसमजावर उभ्या असतात, हे खरं. पण प्राण्याला काय होतंय हे त्याला सांगता येत नाही, आणि त्याच्यासाठी आजारांची सार्वजनिक नोंदही माणसांसारखी ठेवली जात नाही. त्यामुळे खाण्यात काही बिघडलंय याची पहिली खूण बहुतेक वेळा कारखान्यात सापडत नाही, ती कुठल्यातरी घरात, चिंतेत पडलेल्या मालकाला दिसते. त्याची तक्रार हा या यंत्रणेचाच एक भाग आहे. म्हणून यंत्रणा कशी चालते आणि कुठे अडते, हे मालकाला कळायलाच हवं.

## रिकॉल म्हणजे काय, आणि तो 'स्वेच्छेने' कसा?

विक्रीला गेलेला माल सदोष आहे असं कळल्यावर, किंवा तसा दाट संशय आल्यावर, उत्पादकाने तो दुकानांतून आणि घरांतून परत मागवणं म्हणजे रिकॉल. पुरावा हाती येईपर्यंत थांबलं तर तोवर माल पोटात गेलेला असतो. म्हणून बरेच रिकॉल संशयावरच निघतात, आणि सुरुवातीच्या नोटिशीत कारण मोघम असतं.

नोटिशीत हमखास एक वाक्य असतं: 'कंपनी स्वेच्छेने माल परत मागवत आहे.' मालकांचा पारा इथेच चढतो. विष खाऊ घातलंत आणि वर स्वेच्छेचा आव? पण ती कायद्याची भाषा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला, म्हणजे एफडीएला, २०११ च्या जानेवारीपर्यंत लहान बाळांच्या दुधाची पावडर वगळता कुठलंही खाणं सक्तीने परत मागवण्याचा अधिकारच नव्हता. समज देणं, लोकांना सावध करणं, माल जप्त करण्यासाठी कोर्टात जाणं, एवढंच हातात होतं. आता अधिकार आहे, पण तो क्वचितच वापरावा लागतो, कारण सक्तीची वेळ येण्याआधी कंपन्या आपणहून पुढे येतात. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये कुत्र्यांच्या एका खाण्यावरून गदारोळ झाला तेव्हा तिथे पाळीव प्राण्यांच्या खाण्यासाठी सक्तीच्या रिकॉलची तरतूद नव्हती. सगळा कारभार उद्योगाने स्वतःच घालून घेतलेल्या नियमांवर चालत होता. संसदेच्या समितीने त्याच वर्षी त्यावर चौकशी केली.

एफडीए रिकॉलचे तीन वर्ग करते. पहिल्यात गंभीर इजा किंवा मृत्यूची खरी शक्यता असते, दुसऱ्यात बरा होण्याजोगा त्रास, तिसऱ्यात इजेची शक्यता जवळपास नसते पण नियम मोडलेला असतो. मात्र हा वर्ग अनेकदा बातमीनंतर ठरतो. तोवर मालकाने नोटिशीतली कारणाची ओळ वाचावी. 'साल्मोनेला' (पोट बिघडवणारा जिवाणू), 'जीवनसत्त्व ड जास्त' आणि 'लेबलवर घटक छापायचा राहिला' या तीन वेगवेगळ्या वजनाच्या गोष्टी आहेत, पण मथळा तिघांनाही 'रिकॉल' असाच मिळतो.

## ब्रँडपेक्षा नंबर महत्त्वाचा

पाकिटाच्या वरच्या किंवा खालच्या शिवणीजवळ, डब्याच्या बाबतीत बुडाशी, बारीक ठिपक्यांच्या शाईत एक ओळ छापलेली असते. अर्धी शिवणीच्या चुण्यांत गेलेली, बाकीची खाण्यातल्या चरबीचा हात लागून पुसट झालेली. त्यात 'यापूर्वी वापरा' ही तारीख असते, आणि पुढेमागे अक्षरं-आकडे: कारखान्याची खूण, उत्पादनाचा दिवस, कधीकधी यंत्राची ओळ आणि वेळसुद्धा. हाच लॉट नंबर. एका वेळी, एकाच कच्च्या मालातून बनलेला घाणा तो नंबर सांगतो. रिकॉल निघतो तो या घाण्याचा. ब्रँडचं नाव फक्त शोधाला सुरुवात करून देतं.

लोकांना याचा धक्का २००७ मध्ये बसला. कॅनडातल्या 'मेन्यू फूड्स' या कंपनीने १६ मार्च २००७ रोजी रश्श्यातल्या तुकड्यांच्या खाण्याचे सहा कोटींहून अधिक डबे आणि पाऊच परत मागवले. या कंपनीचं नावही बहुतेक मालकांनी ऐकलेलं नव्हतं, कारण ती दुसऱ्यांसाठी माल बनवायची. तिच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या डब्यांवर कितीतरी ब्रँडची लेबलं लागत होती, महागडी आणि स्वस्तातलीही. 'मग आम्ही चौपट पैसे कशाचे मोजत होतो?' हा तेव्हाचा सगळ्यात संतप्त प्रश्न होता.

त्याचं उत्तर अर्धं कंपन्यांच्या बाजूचं आहे. एका कारखान्यात बनलं म्हणजे कृती एकच असं होत नाही. प्रत्येक ब्रँड आपलं प्रमाण देतो आणि कारखाना तसं बनवतो. पण रस्सा दाट करायला लागणारा घटक एकाच पुरवठादाराकडून आला आणि तोच बिघडलेला असला, तर तो सगळ्या कृतींत उतरतो. आणि माल कुठे बनतो हे लेबलवर ठळक सांगायला कंपन्या कधीच उत्सुक नव्हत्या, ही उरलेली अर्धी बाजू मालकांची.

## २००७ मध्ये डब्यात होतं तरी काय?

तो बिघडलेला घटक होता गव्हाचं ग्लुटेन, गव्हातलं चिवट प्रथिन. ते चीनमधून आलं होतं आणि त्यात मेलामाइन मिसळलेलं होतं. मेलामाइन हे प्लॅस्टिकच्या ताटल्या आणि लॅमिनेट बनवायला वापरतात ते रसायन. खाण्यात त्याचं काय काम?

गोम प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीत आहे. डेन्मार्कचा रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल याने १८८३ मध्ये शोधलेली पद्धत आजही वापरात आहे. ती प्रथिन थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजते. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणलं की प्रथिनांचा अंदाज येतो. पोत्यात धान्य किती हे नुसतं वजनावरून ठरवायचं झालं तर खडे मिसळणाऱ्याचं फावतं, तसं इथे झालं. मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन असतो. म्हणजे एक किलो मेलामाइन या चाचणीला चार किलोंहून जास्त प्रथिन वाटतं. हलक्या मालात ते घातलं की कागदावर तो उंची माल होतो आणि दरही तसा मिळतो.

एकटं मेलामाइन फारसं विषारी नाही. पण त्या मालात सायन्यूरिक आम्ल हा त्याचा भाऊबंदही होता. हे दोघे मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत एकत्र आले की त्यांचे न विरघळणारे स्फटिक बनतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतात पिवळट-तपकिरी, गोल, मध्यापासून कडेकडे रेषा फाकलेले. नळ्या तुंबतात, लघवी बनेनाशी होते. घरात दिसणारं चित्र मात्र साधंच: मांजर खाणं सोडतं, सारखं पाणी पितं, कोपरा धरून बसतं.

यातली मला सर्वांत खटकणारी बाब वेगळीच आहे. २००४ मध्ये आशियातल्या काही देशांत कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होण्याची साथ आली होती आणि बोट खाण्याकडेच वळलं होतं. तेव्हा दोष बुरशीच्या विषावर गेला. २००७ नंतर संशोधकांनी त्या वेळचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा पाहिले आणि तेच स्फटिक सापडले. आणि २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या पावडरीत हेच मेलामाइन निघालं: सुमारे तीन लाख बाळं आजारी, अधिकृत आकड्यानुसार सहा मृत्यू. कुत्र्या-मांजरांच्या मालकांचा आरडाओरडा हा अशा रीतीने माणसांच्या बाळांसाठीही आधीचा इशारा होता. तो ऐकणाऱ्यांनी पुरता ऐकला नाही.

## 'माल तपासत नाहीत का हे लोक?'

तपासतात. पण चाचणी जे शोधायला सांगाल तेच शोधते. गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन आहे का, असा प्रश्न २००७ आधी कोणी विचारलाच नव्हता. म्हणून त्या मार्चमध्ये गोंधळ उडाला. २३ मार्चला न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळेने अमिनोप्टेरिन नावाचं विषारी रसायन सापडल्याचं जाहीर केलं, एफडीएला त्याची खातरजमा करता आली नाही, आणि ३० मार्चला मेलामाइनचं नाव पुढे आलं. मालकांना वाटलं, रोज नवीन थाप मारताहेत. तपास मात्र असाच चालतो. एरवी तो बंद दाराआड चालतो, या खेपेला लोकांसमोर चालला.

दुसरी अडचण नमुन्याची. मक्यावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते आणि ते यकृतावर घाला घालतं. पाळीव प्राण्यांच्या खाण्यात एफडीएची मर्यादा आहे किलोमागे २० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाच्या एका कणाच्या आसपास. बुरशी ट्रकभर मक्यात सारखी पसरलेली नसते, ती कुठेकुठे पुंजक्यांनी असते. दहा ठिकाणांहून मूठमूठ मका घेतला आणि पुंजका अकराव्या ठिकाणी असला, तर अहवाल स्वच्छ येतो. शिजवून ते विष पुरतं जात नाही, वासाने कळत नाही, दाण्यात डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेत २००५ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२० च्या अखेरीस याच विषामुळे मोठे रिकॉल झाले. दुसऱ्या वेळी तीन आठवड्यांत शंभराहून जास्त कुत्र्यांच्या मृत्यूच्या तक्रारी एफडीएकडे पोहोचल्या.

ही कारणं आहेत, सबबी नव्हेत. कुठला घटक कुठून येतो, कुठल्या हंगामात मक्याला बुरशीची शक्यता जास्त, हे कारखान्याला ठाऊक असतं. त्या हिशेबाने नमुने वाढवणं हे त्याचंच काम.

## 'मग इतके दिवस गप्प का बसले?'

२००७ चा घटनाक्रम पाहा. पहिल्या तक्रारी कंपनीकडे आल्या २० फेब्रुवारीच्या सुमारास. त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने खाणं प्राण्यांना देऊन चाचणी सुरू केली आणि त्या चाचणीतलीही काही मांजरं दगावली. रिकॉल निघाला १६ मार्चला. म्हणजे साडेतीन आठवडे. त्या साडेतीन आठवड्यांत ज्यांनी दोन वेळचं खाणं वाढलं त्यांचा संताप मला अगदी रास्त वाटतो.

तरीही एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कुत्र्याला उलटी होणं ही रोजची बाब आहे. म्हाताऱ्या मांजराची मूत्रपिंडं निकामी होणं ही पशुवैद्यांसाठी अगदी नेहमीची केस. लाखो घरांत एखादं खाणं जात असेल तर त्यातले काही प्राणी कुठल्याही आठवड्यात आजारी पडणारच, खाणं निर्दोष असलं तरी. एका डॉक्टरला दिसते एक आजारी मांजर. ती एकटी काहीच सिद्ध करत नाही. वेगवेगळ्या गावांतल्या वीस डॉक्टरांच्या वीस मांजरी, सगळ्या एकच खाणं खाणाऱ्या, हे कोणाला तरी एकाच टेबलावर मांडावं लागतं, तेव्हा ते दिसतं. माणसांच्या साथींसाठी असं टेबल असतं. प्राण्यांसाठी ते फार तोकडं. म्हणूनच २००७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेने कायदा करून पाळीव प्राण्यांच्या खाण्यातल्या बिघाडांची लवकर चाहूल घेणारी व्यवस्था उभारायला सांगितलं. त्या व्यवस्थेचा कच्चा माल म्हणजे मालकांच्या आणि डॉक्टरांच्या तक्रारी. 'एकट्या माझ्या तक्रारीने काय होणार' असं म्हणून गप्प बसलेली वीस घरं म्हणजे टेबलावरच्या वीस रिकाम्या जागा.

यादी वाढत जाते त्याचंही कारण इथेच. आधी एक लॉट सापडतो. मग त्यात वापरलेला घटक, मग तो घटक आणखी कुठे गेला ते शोधलं जातं. २००७ मध्ये एप्रिलमध्ये तांदळाच्या प्रथिनातही मेलामाइन निघालं आणि आतापर्यंत सुरक्षित समजले गेलेले ब्रँड यादीत आले. ज्यांनी पहिल्या रिकॉलनंतर धावतपळत खाणं बदललं होतं, त्यांतल्या काहींनी नेमकं यातलंच एखादं आणलेलं. त्यांच्यासमोर 'टप्प्याटप्प्याने तपास' वगैरे बोलण्यात अर्थ नसतो.

## 'माझं मांजर त्यामुळेच गेलं का?'

सगळ्यात अवघड प्रश्न हाच, आणि बहुतेकांना त्याचं उत्तर कधीच मिळत नाही.

२००७ च्या प्रकरणात एफडीएकडे १७,००० हून जास्त तक्रारी आल्या. त्यांत सुमारे १,९५० मांजरं आणि २,२०० कुत्रे गेल्याचं मालकांनी कळवलं होतं. पण सुरुवातीच्या आठवड्यांत अधिकृतपणे 'निश्चित' मानलेले मृत्यू होते वीसच्याही आत. हे आकडे शेजारी छापून आले तेव्हा लोकांना वाटलं, सरकार कंपनीला वाचवतंय. खरं तर ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं होती. 'निश्चित' म्हणायला तीन गोष्टी लागतात: प्राण्याच्या अवयवात ते रसायन किंवा त्याच्या खुणा, त्याने खाल्लेल्या खाण्यात तेच रसायन, आणि आजाराचा वेळेशी बसणारा मेळ. प्राणी आधीच पुरलेला, पाकीट आधीच फेकलेलं, अशा हजारो घरांत यातलं काहीच उरलेलं नव्हतं. पहिला आकडा खऱ्या नुकसानीपेक्षा फुगलेला असणार, दुसरा त्याहून कितीतरी आक्रसलेला.

यात अपराधीपणाचा काटा असतो. 'मी माझ्या हाताने वाढलं' हे वाक्य रिकॉलनंतर हमखास ऐकू येतं. त्यातही नीट वाचून, डॉक्टरांना विचारून खाणं निवडणाऱ्यांना ते जास्त लागतं. २०१९ मध्ये 'हिल्स' कंपनीने कुत्र्यांच्या डबाबंद खाण्याचे अनेक प्रकार परत मागवले, त्यांत डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे प्रकारही होते. पुरवठादाराकडून आलेल्या जीवनसत्त्वांच्या मिश्रणात ड जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर होतं. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर येतं. आधीच मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला, मूत्रपिंड जपण्यासाठी लिहून दिलेल्या खाण्यातून हे जात असेल तर त्याच्या मालकाला काय वाटलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

आणि आपण चारी ठाव वेगळं खातो, प्राण्याला रोज तेच वाढतो. आपल्या ताटातली एक बिघडलेली वस्तू चार दिवसांनी बदलते. कुत्र्याच्या भांड्यात एकच बिघडलेलं पाकीट महिनाभर चालतं, तेही लहानशा शरीरात. डोस साचतो. यात मालकाचा निष्काळजीपणा नाही. 'संतुलित आहार, रोज हेच द्या' असं पाकिटावरच लिहिलेलं असतं.

## कारण सापडलंच नाही तर?

असंही होतं. वर उल्लेख केलेल्या ऑस्ट्रेलियातल्या प्रकरणात कुत्र्यांची अन्ननलिका सैल पडून खाणं पोटापर्यंत जाईना. पोलीस दलातले कुत्रेही आजारी पडले. खाणं परत मागवलं, तपास झाला, आजाराचा त्या खाण्याशी संबंध दिसला, पण खाण्यातला नेमका दोषी घटक सापडला नाही. ब्रिटनमध्ये २०२१ च्या उन्हाळ्यात मांजरांच्या रक्तातल्या सगळ्या प्रकारच्या पेशी एकदम घटू लागल्या. पाचशेहून जास्त मांजरांची नोंद झाली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक गेली. एकाच उत्पादकाच्या कोरड्या खाण्याचा रिकॉल झाला. काही नमुन्यांत बुरशीची विषं सापडली, पण सरकारी यंत्रणेने तेच कारण असा ठाम निष्कर्ष काढला नाही.

अशा वेळी 'दडपलं' असं म्हणावंसं वाटतं. पण विष पचून निघून गेलेलं असतं, खाणं संपलेलं असतं, आणि मागे उरतं फक्त मोडलेलं शरीर. त्यावरून गुन्हेगाराचं नाव दरवेळी काढता येत नाही.

## 'आमच्याने तेच खाल्लं, त्याला काही झालं नाही'

साल्मोनेलाच्या रिकॉलनंतर हे वाक्य हटकून येतं. त्यात तथ्य आहे: निरोगी कुत्रा हा जिवाणू पोटात बाळगूनही मजेत फिरतो. धोका त्या घरातल्या माणसांना असतो. अमेरिकेत २००६ ते २००८ दरम्यान एका कारखान्यातल्या कोरड्या खाण्यामुळे ७९ माणसं आजारी पडली, त्यांत दोन वर्षांपर्यंतची मुलं पुष्कळ. बाळांनी ते खाणं खाल्लं असेल असा समज होता. तपासात वेगळाच धागा निघाला: ज्या घरांत प्राण्याला स्वयंपाकघरात खायला घालत, तिथे बाळांच्या आजाराशी संबंध जास्त दिसला. ज्या हाताने दाणे काढले तोच हात ओट्याला, नळाला, दुधाच्या बाटलीला लागतो. म्हणून अशा रिकॉलनंतर पाकीट बाजूला ठेवण्याइतकंच भांडं, डबा आणि चमचा साबणाने धुणं गरजेचं.

## मग घरीच शिजवावं, की कच्चं मांस द्यावं?

रिकॉलनंतर या दोन्हींकडे ओढा वाढतो, आणि विश्वास उडाल्यावर ते स्वाभाविकच आहे. पण मांजराला टॉरिन नावाचा घटक खाण्यातूनच मिळावा लागतो; तो कमी पडला की डोळे आणि हृदय बिघडतं, आणि हे कळायला महिने जातात. कुत्र्याचं कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण अंदाजाने जुळत नाही. पोषणाचं शिक्षण घेतलेल्या पशुवैद्याकडून कृती घेऊन ती तंतोतंत पाळणार असाल तर घरचं खाणं उत्तम चालतं. मात्र ते बिघडलं तर लॉट नंबर नसतो, नोटीस काढणारं कोणी नसतं आणि शेजारच्या घराशी ताडून पाहता येत नाही. कच्च्या मांसाचं म्हणाल, तर २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात एक घरात राहणारं मांजर बर्ड फ्लूने गेलं, आणि एच५एन१ विषाणू त्याच्या कच्च्या, गोठवलेल्या खाण्यात सापडला. तोही रिकॉलच झाला.

## भरपाईचं काय?

२००७ च्या प्रकरणात कंपन्यांनी मिळून २.४ कोटी डॉलरची तडजोड केली. न्यायालयाने २००८ मध्ये ती मान्य केली, आणि अपिलात प्रकरण २०१० च्या अखेरपर्यंत रेंगाळलं. पैसे होते खर्चापोटी: दवाखान्याची बिलं, औषधं, विकत घेतलेलं खाणं. दुःखाचे नव्हेत. अमेरिकेत कायद्याच्या नजरेत कुत्रा-मांजर ही मालमत्ता धरली जाते, आणि मालमत्तेच्या नुकसानीत मनस्ताप सहसा मोजत नाहीत. पुष्कळ मालकांना ही तडजोड मूळ घटनेइतकीच लागली.

## नोटीस आली, आता काय करायचं?

आधी नंबर जुळवा. जुळला तर खाणं थांबवा, पण पाकीट फेकू नका. उरलेलं खाणं पाकिटासकट जाड पिशवीत बांधून, 'देऊ नये' असं लिहून प्राण्याच्या आणि मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. नंबराचा आणि लेबलचा फोटो काढा, बिल असेल तर सोबत ठेवा. पुष्कळ जण कोरडं खाणं आणल्याआणल्या डब्यात ओततात आणि पाकीट टाकतात. डब्यात जुनं नवं मिसळतं आणि पुरावाही जातो. पाकिटासकट डब्यात ठेवलं तर दोन्ही प्रश्न मिटतात.

प्राणी सुस्त आहे, खात नाही, सारखा पाणी पितो, उलट्या करतो, डोळे किंवा हिरड्या पिवळ्या दिसतात, यांतलं काही असेल तर वाट न पाहता डॉक्टर गाठा आणि लॉट नंबर सांगा. मूत्रपिंड आणि यकृताच्या रक्तचाचण्या लगेच करता येतात, आणि या विषांत पहिले दिवस मोलाचे असतात. धडधाकट असेल तरी मूत्रपिंड किंवा यकृताला बाधणाऱ्या घटकाचा रिकॉल असताना एकदा विचारून घ्यायला हरकत नाही. प्राणी गेलाच आणि संशय असेल, तर पुरण्याआधी शवविच्छेदनाबद्दल विचारा. त्या घडीला हे सुचत नाही, सुचलं तरी नको वाटतं, पण नंतर ते करता येत नाही.

मग तक्रार. कंपनीकडे करा आणि तुमच्या देशात या खाण्यावर देखरेख करणारं जे खातं असेल त्याच्याकडेही. फक्त कंपनीकडे गेलेली तक्रार बाहेर कोणाला दिसेलच असं नाही. 'तुमच्या खाण्याने माझा कुत्रा मारला' एवढं लिहिलं तर तपासणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. खाण्याचं पूर्ण नाव, नंबर, कधी विकत घेतलं, कधी फोडलं, रोज किती दिलं, पहिलं लक्षण कोणत्या तारखेला, सोबत आणखी काय खात होता, डॉक्टरांचे अहवाल, आणि नमुना शिल्लक आहे का, हे लिहा. राग शेवटच्या ओळीत मावतो.